अधिकार आणि वाणी

'अधिकार' या शब्दाचा अर्थ संस्कृतांतून मराठींत येतां येतां पुष्कळ पालटला आहे. शास्त्रकार ज्यास अधिकारी म्हणतात तो पात्र मनुष्य. अमुक विद्या शिकण्यास किंवा अमुक कर्म करण्यास जो योग्य, तो त्याचा अधिकारी. मराठींत मात्र अधिकारी म्हटला कीं खुर्ची, शिपाई आणि सहीशिक्का हींच डोळ्यांपुढें येतात. व्याकरणशास्त्रांत या शब्दास आणखी एक अर्थ आहे. पाणिनीच्या अष्टाध्यायींत कांहीं सूत्रें अधिकारसूत्रें म्हणून ओळखलीं जातात. असें सूत्र आपल्या जागीं स्वतंत्रपणें फारसें कांहीं सांगत नाहीं. परंतु त्याची अनुवृत्ति पुढील अनेक सूत्रांत चालू राहते आणि त्या सूत्रांचा अर्थ त्याच्याच आधारानें लावावा लागतो. मनुष्याच्या आयुष्यांतहि एखादें कृत्य असें असतें. तें घडतें तेव्हां लहान दिसतें. पुढें मात्र सर्व आयुष्याचा अर्थ त्यावरून लागतो. दक्षिण आफ्रिकेचे आर्चबिशप डेस्मंड टूटू यांचें चरित्र वाचतांना आम्हांस या तिन्ही अर्थांची आठवण झाली, म्हणून या महिन्याच्या सदरांत त्यांच्याविषयीं चार गोष्टी सांगण्याचें योजिलें आहे.

ख्रिस्ती धर्मगुरूच्या पदोन्नतीची हकीकत आमच्या घरांत कशास, असें कोणी वडीलधारी विचारतील. त्यांस आमचें उत्तर असें कीं, हा गृहस्थ मूळचा शाळामास्तर व शाळामास्तराचाच मुलगा. आणि त्याच्या पुढील सर्व मोठेपणाचा उगम त्यानें मास्तरकी सोडली त्या प्रसंगांत आहे. ज्या घरांत मुलांच्या शिक्षणाची काळजी वाहिली जाते, त्या घरास ही हकीकत परकी वाटूं नये.

टूटू यांचा जन्म ७ ऑक्टोबर १९३१ रोजीं ट्रान्सवाल प्रांतांतील क्लर्क्सडॉर्प या गांवीं झाला. वडील झकारिया हे मेथॉडिस्ट मिशनच्या प्राथमिक शाळेचे मुख्याध्यापक होते. आई अलेटा या लोकांच्या घरचीं कामें करीत व पुढें अंधांच्या एका संस्थेंत स्वयंपाकाच्या कामास होत्या. लहानपणीं डेस्मंडनें एक दृश्य पाहिलें, तें त्यास जन्मभर विसरतां आलें नाहीं. लांब झगा घातलेला एक गोरा पाद्री जवळून चालला होता. त्यानें जातां जातां डेस्मंडच्या आईस पाहून आपली टोपी उचलली. गोऱ्या पुरुषानें काळ्या मोलकरणीस असा मान द्यावा, ही त्या देशांत अपूर्व गोष्ट होती. हे पाद्री म्हणजे फादर ट्रेव्हर हडल्स्टन. पुढें क्षयरोग जडून डेस्मंड दीड वर्षाहून अधिक काळ रुग्णालयांत पडून होता, तेव्हां हेच हडल्स्टन त्यास नियमानें भेटावयास येत. टूटू यांनीं आपल्या मुलाचें नांव ट्रेव्हर ठेविलें तें याच कृतज्ञतेनें.

मुलाची इच्छा डॉक्टर होण्याची होती. विटवॉटर्सरँड विद्यापीठाच्या वैद्यक शाखेंत त्यास प्रवेशहि मिळाला. परंतु तेथील खर्च सोसण्याची घरांत ऐपत नव्हती. शिक्षकाच्या अभ्यासक्रमास शिष्यवृत्ति मिळत होती, म्हणून तो प्रिटोरियाच्या अध्यापनविद्यालयांत गेला. १९५३ मध्यें शिक्षकाची पदविका मिळाली. पुढच्याच वर्षीं बाहेरून परीक्षा देऊन बी. ए. ची पदवी मिळाली. १९५५ मध्यें लिआ या तरुणीशीं विवाह झाला. ती झकारिया मास्तरांचीच विद्यार्थिनी व स्वतः शिक्षिका होती. क्रूगर्सडॉर्पजवळच्या मन्सीव्हिल येथील हायस्कुलांत टूटू शिकवूं लागले. येथवरची कथा कोणत्याहि गरीब व हुशार मुलाची कथा आहे.

याच सुमारास त्या देशाच्या सरकारनें १९५३ चा 'बांटू शिक्षण कायदा' अंमलांत आणिला. त्यापूर्वीं काळ्या मुलांचें बहुतेक शिक्षण मिशनांच्या हातीं होतें. तें अपुरें असेल, पण शिकलेला मुलगा कोठवर जाईल याची मर्यादा तेथें आधीं आखून ठेविलेली नव्हती. नव्या कायद्यानें हें शिक्षण सरकारच्या ताब्यांत गेलें. कायद्याचे कर्ते डॉ. फेरवूर्ड यांनीं त्याचा हेतु लपविला नाहीं. काळ्या मनुष्यास गोऱ्यांच्या समाजांत कांहीं ठराविक मजुरीच्या कामांपलीकडे जागा नाहीं, मग त्यास वरचें शिक्षण देऊन असंतुष्ट कशास करावें, असा त्यांचा युक्तिवाद होता. मुलगा वर्गांत येईल, पाटीवर लिहील, पुस्तक वाचील. परंतु हें सर्व त्यानें खालींच राहावें म्हणून. ज्या शाळा ताब्यांत देण्यास मिशनें राजी नव्हतीं त्यांचें अनुदान बंद होणार होतें. जोहान्सबर्गच्या अँग्लिकन बिशपांनीं अशा शाळा सरकारच्या स्वाधीन करण्याऐवजीं बंद केल्या.

विद्येचा अधिकार कोणास आणि कोणास नाहीं, हा प्रश्न आमच्याहि शास्त्रग्रंथांत विचारला गेला आहे, आणि तेथें दिलेलीं कांहीं उत्तरें वाचतांना आज मान खालीं घालावी लागते. म्हणून फेरवूर्ड यांस नांवें ठेवून मोकळें होण्याचा मार्ग आमच्या वाचकांस नाहीं. उलट, हा प्रश्न किती जुना आहे व सुशिक्षित मनुष्यहि त्याचें चुकीचें उत्तर किती शांतपणें देऊं शकतो, हें आम्हांस इतरांहून अधिक कळावयास हवें.

अशा वेळीं शिक्षकानें काय करावें? एक मार्ग असा कीं, वर्गांत राहावें, वरून आलेला अभ्यासक्रम तोंडदेखला चालवावा आणि फटींतून मुलांस खरी विद्या द्यावी. कित्येक प्रामाणिक शिक्षकांनीं तो पत्करला, आणि त्यांस कमी लेखण्याचें धैर्य आम्हांस नाहीं. दुसरा मार्ग सोडून जाण्याचा. त्यांत मन स्वच्छ राहतें, परंतु मुलें तेथेंच राहतात. टूटू यांनीं दुसरा मार्ग धरिला. चार वर्षांच्या नोकरीनंतर त्यांनीं राजीनामा दिला व १९५८ मध्यें ते जोहान्सबर्गच्या सेंट पीटर्स या धर्मशिक्षणाच्या विद्यालयांत दाखल झाले. यांत कांहीं दैवी साक्षात्कार झाला, असें त्यांनीं कधीं सांगितलें नाहीं. उलट, पाद्री होण्यामागें आपला हेतु फारसा उदात्त नव्हता, तो मार्ग सोयीचा दिसला म्हणून धरला, असें ते पुढें मोकळेपणानें कबूल करीत. आमच्या मतें हा राजीनामा त्यांच्या आयुष्याचें अधिकारसूत्र होय. जें काम मनुष्यास खालीं ढकलण्यासाठीं आहे तें आपल्या हातून होऊं द्यावयाचें नाहीं, एवढाच त्याचा अर्थ. पण त्याची अनुवृत्ति शेवटपर्यंत चालली.

आतां त्यांच्या पुढील पायऱ्या समजण्यासाठीं त्या चर्चची रचना थोडक्यांत सांगितली पाहिजे. अँग्लिकन पंथ हा इंग्लंडच्या राष्ट्रीय चर्चपासून निघून जगभर पसरला. दीक्षा तीन पायऱ्यांची असते: प्रथम डीकन, मग प्रीस्ट, आणि धर्मप्रांताचा मुख्य तो बिशप. बिशपच्या मुख्य मंदिरास कॅथीड्रल म्हणतात व तेथील प्रमुख धर्मगुरूस डीन. अनेक धर्मप्रांतांच्या समूहावरचा श्रेष्ठ बिशप तो आर्चबिशप. इंग्लंडांत कँटरबरीच्या आर्चबिशपची नेमणूक राजाच्या नांवानें होते. दक्षिण आफ्रिकेंत मात्र धर्मगुरु व सामान्य भाविक यांच्या प्रतिनिधींची सभा बिशपची निवड करते. म्हणजे तेथें वर चढणारास कोणा राज्यकर्त्याच्या मर्जीची जरूर नसते. टूटू यांच्या बाबतींत ही गोष्ट फार महत्त्वाची ठरली.

ते १९६० अखेर डीकन व १९६१ अखेर प्रीस्ट झाले. १९६२ ते १९६६ पर्यंत लंडनच्या किंग्ज कॉलेजांत राहून त्यांनीं धर्मशास्त्राच्या बी. डी. व एम. टीएच. या पदव्या मिळविल्या. तेथील एक गमतीची हकीकत ते सांगत. रस्ता ठाऊक असूनहि ते पतिपत्नी मुद्दाम पोलिसास वाट विचारीत. कारण तो पोलीस अदबीनें 'साहेब' व 'बाईसाहेब' असें संबोधून उत्तर देई. ज्यांस मायदेशीं पोलीस दिसतांच परवान्याचे कागद शोधावे लागत, त्यांस हें एवढें संबोधनसुद्धां मेजवानीसारखें वाटे. ही गोष्ट ऐकून प्रथम हसूं येतें आणि मग येत नाहीं.

पुढचीं वर्षें अध्यापनाचीं होतीं. प्रथम ईस्टर्न केपमधील ॲलिस येथील धर्मविद्यालयांत, मग लेसोथोंतील रोमा येथील विद्यापीठांत त्यांनीं शिकविलें. खडू सोडला खरा, पण शिकविणें सुटलें नाहीं. १९७२ पासून धर्मशिक्षणास साहाय्य देणाऱ्या एका निधीचे आफ्रिकेसाठींचे सहसंचालक म्हणून ते पुन्हां लंडनला राहिले. या फिरतीच्या संसाराचा भार लिआबाईंवर किती पडला असेल, याची कल्पना आमच्या वाचकभगिनींस सहज येईल. चार मुलें, आणि दर दोन-तीन वर्षांनीं नवें घर. बांटू शिक्षण आपल्या मुलांस नको म्हणून त्यांस तेव्हांच्या स्वाझीलंडमधील शाळेंत पाठवावें लागलें. बापानें जें शिकविण्याचें नाकारिलें तें मुलांनीं शिकूं नये, हें तर्कास धरूनच होतें; परंतु त्याची किंमत म्हणून आईपासून मुलें दूर राहिलीं. शिवाय पुष्कळ आईबापांस ही सोयहि नव्हती.

१९७५ मध्यें जोहान्सबर्गच्या सेंट मेरीज कॅथीड्रलचे डीन म्हणून त्यांची नेमणूक झाली. काळा मनुष्य त्या जागीं प्रथमच येत होता. डीनसाठीं गोऱ्यांच्या वस्तींत बंगला होता. टूटू यांनीं तो नाकारून सोवेटो या काळ्यांच्या वसाहतींत घर केलें. तेथें तरुणांचीं मनें किती तापलीं आहेत हें त्यांस रोज दिसूं लागलें. मे १९७६ मध्यें त्यांनीं पंतप्रधान फोर्स्टर यांस खुलें पत्र लिहून कळविलें कीं, लोकांची सहनशक्ति संपत आली आहे, लवकर उपाय न केल्यास रक्तपात होईल. पंतप्रधानांनीं त्याची गांभीर्यानें दखल घेतली नाहीं. १६ जून १९७६ रोजीं सोवेटोचीं शाळकरी मुलें रस्त्यावर आलीं आणि पोलिसांनीं त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. या उठावाचें तात्कालिक कारण कोणतें? शाळांतून आफ्रिकान्स भाषेंत शिकविण्याची सक्ति. एकोणीस-वीस वर्षांपूर्वीं ज्या शिक्षणास कंटाळून एका मास्तरानें राजीनामा दिला होता, त्याच शिक्षणांत वाढलेलीं हीं मुलें होतीं.

याच वेळीं त्यांस जोहान्सबर्ग सोडावें लागत होतें. लेसोथोच्या धर्मप्रांतानें त्यांस बिशप म्हणून निवडलें होतें व जुलै १९७६ मध्यें त्यांस बिशपपदाची दीक्षा मिळाली. पद मोठें, पण शेजारच्या देशांतलें. आणि आपलें शहर तर जळत होतें. दोन वर्षें होतांच, १९७८ मध्यें, ते बिशपपद सोडून दक्षिण आफ्रिकेच्या चर्च परिषदेचे सरचिटणीस झाले. मानाच्या हिशेबानें ही पायउतार होती. कामाच्या हिशेबानें त्यांच्या सार्वजनिक आयुष्याचा येथूनच खरा आरंभ झाला.

ही परिषद अनेक ख्रिस्ती पंथांची मिळून होती. तुरुंगांत पडलेल्यांच्या कुटुंबांस मदत करणें, खटल्यांचा खर्च चालविणें, अन्यायाची दाद मागणें, हीं कामें ती करी. टूटू परदेशांत जाऊन सांगत कीं, या राजवटीवर आर्थिक दडपण आणा. सरकारनें दोन वेळां त्यांचें पारपत्र काढून घेतलें. पुढें एका प्रवासपत्रांत राष्ट्रीयत्वाच्या रकान्यापुढें 'सध्यां ठरवितां येत नाहीं' अशा अर्थाचे शब्द होते. ज्या भूमींत जन्म झाला त्या भूमीचा हा मनुष्य कोण, हें तेथील सरकारास ठरवितां येत नव्हतें! १९८४ मध्यें त्यांस शांततेचें नोबेल पारितोषिक मिळालें, तेव्हां त्यांस स्वतःच्या देशांत मताचा हक्कसुद्धां नव्हता.

१९८५ मध्यें ते जोहान्सबर्गचे बिशप झाले. निवडणूकसभेंत एकमत न झाल्यामुळें हा निर्णय बिशपांच्या मंडळानें केला. कारण त्यांच्या बहिष्काराच्या धोरणामुळें पुष्कळ गोरे भाविक नाराज होते. एवढ्यावरून कोणी समजेल कीं, टूटू गोऱ्यांसच काय तें बोलत. तसें नव्हे. त्याच वर्षीं जुलै महिन्यांत डुडुझा येथें एका अंत्ययात्रेच्या वेळीं जमावानें एका काळ्या मनुष्यास पोलिसांचा हेर समजून पकडलें व त्यास जाळण्याची तयारी चालविली. टूटू व त्यांचे सहकारी बिशप गर्दींत घुसले व त्या मनुष्यास सोडवून त्यांनीं गाडींतून दूर पाठविला. नंतर दुसऱ्या एका सभेंत त्यांनीं आपल्याच लोकांस बजावलें कीं, असे प्रकार थांबले नाहींत तर मी बायकामुलांसह हा देश सोडून जाईन. शत्रूस सत्य सुनावणें सोपें असतें; त्यावर आपले लोक टाळ्या वाजवितात. आपल्यांसच सुनावतांना टाळी वाजत नाहीं.

१९८६ च्या सप्टेंबरांत ते केपटाउनचे आर्चबिशप, म्हणजे दक्षिण आफ्रिकेंतील अँग्लिकन चर्चचे सर्वश्रेष्ठ धर्मगुरु झाले. आर्चबिशपचें निवासस्थान 'बिशप्सकोर्ट' हें गोऱ्यांसाठीं राखलेल्या भागांत होतें. तेथें राहण्यास काळ्या मनुष्यानें सरकारची परवानगी मागावी असा कायदा होता. टूटू यांनीं ती मागितलीच नाहीं. ते सरळ राहावयास गेले. म्हणजे देशाचा प्रमुख धर्मगुरु आपल्याच अधिकृत घरांत कायदा मोडून राहत होता. याच घरांत ११ फेब्रुवारी १९९० रोजीं सत्तावीस वर्षांच्या तुरुंगवासांतून सुटलेल्या नेल्सन मंडेला यांनीं पहिली रात्र काढली. २७ एप्रिल १९९४ रोजीं टूटू यांनीं आयुष्यांतलें पहिलें मत दिलें. त्या वेळीं त्यांचें वय ६२ वर्षांचें होतें.

सामान्यतः चरित्र येथें संपावयाचें. अन्याय गेला, मित्र राज्यावर बसले, आतां आशीर्वाद देऊन स्वस्थ बसावें. परंतु नव्या मंत्र्यांनीं व प्रतिनिधींनीं आपले पगार भरघोस ठेविलेले पाहतांच त्यांनीं उघड टीका केली, आणि प्रत्यक्ष मंडेलांचा रोषहि पत्करला. पुढें १९९६ मध्यें आर्चबिशपपदावरून निवृत्त होत असतांनाच त्यांच्यावर सर्वांत अवघड काम आलें. तें सत्य व समेट आयोगाच्या अध्यक्षपदाचें.

या आयोगाची योजना अशी होती. १९६० पासूनच्या राजकीय अत्याचारांची चौकशी करावयाची. पीडितांनीं येऊन आपली कथा सांगावी. अपराध्यानें आपलें कृत्य राजकीय हेतूनें झालें हें दाखवून संपूर्ण सत्य सांगितलें, तर त्यास माफी मिळावी. सत्य लपविल्यास मिळूं नये. पश्चात्ताप व्यक्त करण्याची मात्र अट नव्हती. एकवीस हजारांवर पीडितांच्या कैफियती नोंदल्या गेल्या. माफीसाठीं सात हजारांवर अर्ज आले. एप्रिल १९९६ मध्यें ईस्ट लंडन येथें पहिली बैठक भरली. छळानें पंगु झालेल्या एका वृद्धाची हकीकत ऐकतां ऐकतां अध्यक्ष टूटू मेजावर डोकें टेकून रडले. न्यायासनावर बसलेल्यानें रडूं नये असें कोणी म्हणेल. हें नेहमींचें न्यायासन नव्हतें, एवढेंच आम्ही म्हणतों.

या योजनेवर मोठा आक्षेप होता आणि तो पोकळ नव्हता. पोलिसांच्या कोठडींत झालेल्या मारानें १९७७ मध्यें मरण पावलेले तरुण नेते स्टीव्ह बिको यांच्या कुटुंबीयांनीं व इतरांनीं न्यायालयांत जाऊन विचारलें कीं, आमच्या माणसाच्या मारेकऱ्यांस माफी देणारे तुम्ही कोण? न्यायालयानें त्यांच्या विरुद्ध निकाल दिला. ज्या बिकोंच्या अंत्यविधीच्या वेळीं टूटू बोलले होते, त्यांच्याच घरचीं माणसें आतां टूटूंच्या आयोगास विरोध करीत होतीं. पुढें बिको प्रकरणांतील पोलिसांचे माफीचे अर्ज १९९९ मध्यें नामंजूर झाले, तथापि त्यांच्यावर खटला चालला नाहीं. पीडितांस भरपाई म्हणून सरकारनें २००३ मध्यें प्रत्येकीं ३०,००० रँड एकरकमी देण्याचें ठरविलें. आयोगाच्या शिफारशीहून ही रक्कम पुष्कळ कमी होती. क्षमा ज्यांनीं करावयाची त्यांच्या पदरांत फार थोडें पडलें, आणि ज्यांस क्षमा मिळाली ते घरीं गेले, ही तक्रार त्या देशांत अजून ऐकूं येते. टूटू यांनींहि भरपाईच्या दिरंगाईबद्दल सरकारास दोष दिला. त्यांची बाजू एवढीच होती कीं, सूडाचा मार्ग धरला असता तर देशच उरला नसता. आमच्या मतें दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. एका सत्यानें दुसरें खोटें ठरत नाहीं.

ऑक्टोबर १९९८ मध्यें आयोगाचा अहवाल पुरा झाला. त्यांत मुक्तिलढ्याच्या बाजूनें घडलेल्या अत्याचारांचीहि नोंद होती. तेव्हां मंडेलांच्याच पक्षानें प्रसिद्धी थांबविण्यासाठीं न्यायालयांत धांव घेतली. टूटू तिळमात्र हटले नाहींत. कालचे पीडित उद्यांचे पीडक होऊं शकतात, असा इशारा त्यांनीं दिला. पक्षाचा अर्ज फेटाळला गेला व अहवाल प्रसिद्ध झाला. गांधीजींनीं ज्या देशांत सत्याग्रहाचें शस्त्र घडविलें, त्या देशाच्या या पुत्रास हिंदुस्थान सरकारनें २००५ सालचें गांधी शांति पारितोषिक दिलें, तें सर्वथा यथायोग्य होतें.

२६ डिसेंबर २०२१ रोजीं वयाच्या ९० व्या वर्षीं टूटू निवर्तले. अंत्यविधींत खर्चाचा डौल नको अशी त्यांची इच्छा होती. केपटाउनच्या सेंट जॉर्जेस कॅथीड्रलमध्यें साध्या पाइनच्या लांकडाची शवपेटी ठेविली होती.

शिक्षक, पाद्री, प्राध्यापक, डीन, बिशप, सरचिटणीस, आर्चबिशप, आयोगाध्यक्ष अशी ही नामावळि वाचली तर तींत सरळ चढती शिडी दिसते. पण नीट पाहतां तीन ठिकाणीं हा मनुष्य आपण होऊन खालीं उतरला आहे: शिक्षकाची नोकरी सोडतांना, डीनचा बंगला नाकारतांना आणि लेसोथोचें बिशपपद सोडतांना. प्रत्येक उतरणीनंतर त्याच्या शब्दास अधिक वजन आलें. पदानें त्यास व्यासपीठ दिलें हें खरेंच. बिशप नसते तर डुडुझाच्या गर्दीनें किंवा प्रिटोरियाच्या मंत्र्यांनीं त्यांचें किती ऐकलें असतें, हें सांगवत नाहीं. म्हणून आम्ही पदास तुच्छ मानीत नाहीं, आणि मुलांनीं मोठ्या जागा मिळवूं नयेत असेंहि म्हणत नाहीं. परंतु आमच्या घरांतून मुलास नोकरी लागली कीं पगार किती, बढती केव्हां, निवृत्तिवेतन काय, एवढे तीन प्रश्न विचारून आम्ही संतुष्ट होतों. त्या जागेवर बसून त्याच्या हातून कोणाचें काय होणार आहे, आणि कोणती गोष्ट करावयास सांगितली तर तो नाहीं म्हणेल, हा चौथा प्रश्न कोणी विचारीत नाहीं. तो नोकरीच्या पहिल्या दिवशींच विचारलेला बरा. कारण वर चढल्यावर त्याचें उत्तर शोधावयास सवड मिळत नाहीं.